आधी फेडलेला नवस

माझ्या भाचीने औषधशास्त्र शिकायचं ठरवलंय, हे गावात सगळ्यांत शेवटी मला कळलं आणि त्याचा पहिला फटका मात्र मलाच बसला.

माझं किराणा दुकान आहे. दुकानाच्या दारात, आत येणाऱ्याच्या कपाळाला लागेल अशी, डोकेदुखीच्या पुड्यांची लांब माळ टांगलेली असायची. तांदूळ, साबण, तेल माणूस विचार करून घेतो. पुडी तो येता-जाता तोडतो. भातलावणीच्या दिवसांत तर बायका चिखलाच्या पायांनीच यायच्या, पुडी फाडून पांढरी भुकटी जिभेवर टाकायच्या, वर घोटभर पाणी प्यायच्या आणि पुन्हा शेताकडे निघायच्या. कंबर दुखली पुडी, ऊन लागलं पुडी, नवऱ्याशी भांडण झालं तरी पुडी.

आणि या माळेचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे माझी आई, खामपुन. सकाळी उठल्या उठल्या एक, जेवणावर एक आणि संध्याकाळी 'उगाच, बरं वाटतं म्हणून' आणखी एक. पोटात आग पडते म्हणून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बजावलं, आजी, या पुड्यांनी तुमच्या पोटाला जखम झालीय, आता बंद करा. आईने हात जोडून मान डोलावली. परतताना गाडीत बसली, कनवटीची पुडी काढली आणि म्हणाली, "फार बोलतो गं तो मुलगा. डोकं उठलं माझं."

खिंग माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण दूर समुद्राकाठी रायोंगला कारखान्यात कामाला आहे. पोरगी लहानपणापासून आमच्याकडेच वाढली, म्हणजे खरं तर आईच्या मांडीवर वाढली. मी आपली ओरडायला. शाळेची शेवटची दोन वर्षं राहिली तेव्हा तिने तांदळाच्या खोलीतल्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चिकटवली आणि त्यावर तीन दारं काढली. मला वाटलं, घर बांधायला काढलंय.

"हे काय?" मी विचारलं.

"विद्यापीठात शिरायचे रस्ते, मावशी. पहिलं दार थंडीत उघडतं. तिथे नुसते मार्क चालत नाहीत. आपण काय काम केलंय ते दाखवायचं, मग मुलाखत. दुसरं दार उन्हाळ्यात. ते आपल्या ईशान्येकडच्या मुलांसाठी राखलेलं. परीक्षा आणि मुलाखत. तिसऱ्या दारात सगळ्या देशाची गर्दी."

"आणि तिन्ही दारं बंद झाली तर?"

"तर तुझ्या दुकानात बसेन."

"म्हणजे माझ्याच डोक्याला ताप," मी म्हटलं.

ही औषधशास्त्राची हौस तिला लावली तालुक्यातल्या अन नावाच्या बाईंनी. बाईंचं बाजारात औषधांचं दुकान आहे. खिंग दर शनिवारी तिथे जाऊन फळ्या पुसायची, खोकी लावायची आणि बाई लोकांना कसं विचारतात ते ऐकायची. आधी कुठलं औषध घेता, काय खाल्लंत, झोप लागते का. बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, मार्क सगळ्यांकडे असतात, तू स्वतः काहीतरी करून दाखव. मग या पोरीने गावात करण्यासारखं काम शोधलं, आणि तिला सापडली माझी माळ.

"अगं, गावात जुगार आहे, डास आहेत, दारू आहे," मी म्हटलं. "तुला नेमकी माझी माळच दिसली?"

"लोक पुड्या भातासारख्या खातात, मावशी. आजीचं पोट बघ."

"दारूने पोट बिघडत नाही वाटतं?"

"दारू पुढच्या वर्षी," ती म्हणाली.

लावणी संपल्यावर तिने देवळाच्या मंडपात सगळ्या बायकांना बोलावलं. पोटाचं मोठं चित्र काढून आणलं होतं, त्यात लाल रंगाने जखमा दाखवल्या होत्या. पोरगी बोलली मात्र छान. अजिबात घाबरली नाही. आई पहिल्या रांगेत पान चघळत बसली होती आणि शेजारणींना कोपराने ढोसून सांगत होती, "माझी नात. बघ कशी बोलते." कार्यक्रम लांबला, ऊन चढलं, मंडपात पंखा एकच. सगळ्या बायका उठल्या त्या सरळ माझ्या दुकानात आल्या. ऐकून ऐकून डोकी दुखायला लागली होती त्यांची. त्या दिवशी माळ संध्याकाळपर्यंत निम्मी झाली. खिंग पायरीवर बसून बघत होती. मला हसू येत होतं आणि तिच्याकडे पाहून वाईटही वाटत होतं, पण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार?

तरी तिने पिच्छा सोडला नाही. घरोघरी गेली. कोणाला कसली पुडी, किती दिवसांपासून, का, ते विचारत राहिली. लोक तिला चिकट भात खायला घालायचे, तिच्या हुशारीचं कौतुक करायचे आणि ती उंबऱ्याबाहेर पडली की पुडी फाडायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

थंडी आली, पहिल्या दाराची मुलाखत ठरली, आणि आईने नवस बोलला.

आमच्या गावाच्या राखणदाराला आम्ही पू-ता म्हणतो. गावाबाहेरच्या राईत त्याचं लाकडी घरकुल आहे. ज्याने पहिल्यांदा इथे खांब रोवला तो म्हातारा आणि त्याची म्हातारी तिथे राहतात, असं आम्ही मानतो. हरवलेली म्हैस, पोराची नोकरी, लॉटरी, सगळं त्यांनाच सांगायचं. पण थेट नाही. मध्ये थोंगदाम काका. त्यांच्या घराण्याकडेच पू-ताशी बोलायचा मान आहे. आपण काकांना सांगायचं, काका पू-ताला सांगणार. आणि नियम एकच, काम झालं की फेडायचं. आधी नाही. आईच मला लहानपणी सांगायची, "देवाला आगाऊ दिलंस तर तो पाय पसरून झोपतो."

लोक कोंबडी बोलतात, उकडलेली अंडी बोलतात, नाच बोलतात. आई राईत गेली, गुडघे टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थोंगदाम, सांग त्याला. पोरगी औषधशास्त्राला लागली तर खामपुन पुडी सोडेल. जन्मभर."

काकांनी हातातली उदबत्ती खाली ठेवली. "अक्का, कोंबडी बोल ना. पुडी कशाला?"

"कोंबडी काय, कोणीही देतं."

गावभर झालं. पू-ता आता पेचात सापडला, असं लोक म्हणायला लागले. खामपुन पुडी सोडण्यापेक्षा पोरीला डॉक्टर करणं सोपं. खिंगला कळलं तेव्हा ती हसली नाही. रात्रीची भांडी घासताना मला म्हणाली, "मावशी, म्हणजे मी नापास झाले तर आजीचं पोटही गेलं."

"तू पास होण्याचं बघ. पोटाचं पू-ता बघेल."

"पू-ताने आत्तापर्यंत काय केलं?"

"हळू बोल," मी म्हटलं. माझा विश्वास बेताचाच आहे, पण उगाच कशाला.

मुलाखतीला मी तिच्यासोबत गेले. विद्यापीठाच्या आवारात झाडाखाली बसले, शेजारी इतर मुलांचे आईबाप. सगळे शहरातले, गाड्यांतून आलेले. त्यांच्या मुलांनी काय काय केलं ते ऐकून मी पिशवी मांडीवर ओढून घेतली. कोणी परदेशात शिबिराला जाऊन आलेलं, कोणी प्रयोगशाळेत काम केलेलं. आमच्या पोरीकडे काय, तर पोटाचं चित्र.

ती बाहेर आली ती खाली मान घालून. गाडीत बसल्यावर बोलली. तिघे परीक्षक होते. मधले चष्म्याचे, टक्कल पडलेले सर तिचं काम वाचत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या या कामामुळे किती जणांनी पुडी सोडली?"

"मग काय सांगितलंस?"

"कोणीच नाही, असं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"कोणीच नाही सोडली, मावशी. तुला माहीतच आहे. मग त्यांनी विचारलं, तुझ्या घरात? मी म्हटलं, आजी घेते. रोज."

मी अशी भडकले की ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. "अगं बिनडोके, दहा नावं सांगायचीस. वीस सांगायचीस. आमच्या गावात कोण मोजायला येणार होतं? थोंगदाम काकांचं नाव सांगितलं असतंस तर ते उलट खूश झाले असते."

"औषध देणाऱ्याने खोटं सांगितलं तर माणूस मरतो," ती म्हणाली. "अन बाई सांगतात."

"अन बाई आल्या होत्या का इथे जागा मिळवून द्यायला?"

घरी येईपर्यंत माझी बडबड चालूच होती. आई ओट्यावर बसली होती. मी सगळं तिच्यासमोर ओकले, सरांनी काय विचारलं, हिने काय सांगितलं, घरातलंसुद्धा कसं सांगून टाकलं. आई पान चघळत ऐकत राहिली. नेहमीप्रमाणे नातीची बाजू घेईल असं मला वाटलं होतं, पण तिने पिंक टाकली आणि उठून आत गेली.

यादी लागली. खिंगचं नाव नव्हतं.

पोरगी तांदळाच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दारातून डोकावले. पहिल्या दारावर तिने काट मारली होती आणि दुसऱ्या दारासमोर पुस्तक उघडून बसली होती. नाक लाल झालेलं. मी कापलेला पेरू तिच्यापुढे ठेवून आले. मला लाडाचं बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दुकानात आली. रोजच्या सवयीने मी माळेची पुडी तोडून पुढे केली. म्हटलं, नवस फेडायची वेळच आली नाही, घे.

"नको," आई म्हणाली.

"का? बरं नाही वाटत?"

"बरं वाटतंय म्हणून नको." आणि छत्री घेऊन ती राईकडे निघाली. मी दुकानाला फळी लावून तिच्या मागे धावले, कारण अशा वेळी आई काय करेल याचा नेम नसतो.

थोंगदाम काका घरकुलासमोरचा पाला झाडत होते. आईने त्यांना झाडू बाजूला ठेवायला लावला.

"सांग त्याला," ती म्हणाली, "खामपुनने पुडी सोडली. आजपासून."

काका गोंधळले. "अक्का, पण काम झालं नाही ना. नवस फेडायची वेळ अजून आली नाही. काही देणं लागत नाहीस तू."

"ठाऊक आहे."

"आधी फेडायची रीत नाही आपल्यात. मी काय म्हणून सांगू त्याला? तूच म्हणतेस, आगाऊ दिलं की तो झोपतो."

"झोपू दे. म्हणावं, खामपुनने आधी दिलंय. आता लाज असली तर जागा हो."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले. शेवटी त्यांनी उदबत्ती लावली आणि पू-ताला जे काय सांगायचं ते अगदी हळू आवाजात सांगितलं, जणू शेजारच्या गावच्या देवांना ऐकू जायला नको होतं.

परतताना मी आईला विचारलं, "हे काय गं? उगाच?"

"त्या टकल्याने पोरीला विचारलं, घरात कोण घेतं," आई म्हणाली. "तिला माझं नाव सांगावं लागलं. चारचौघांत."

मग जे दिवस आले ते कोणावर येऊ नयेत. वर्षानुवर्षांची सवय सुटली की डोकं सूड घेतं. आई सकाळपासून कण्हायची. कोंबड्या ओरडल्या म्हणून कोंबड्यांना शिव्या, मी भात वाढला म्हणून मला शिव्या, टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईलाही शिव्या. एकदा थोंगदाम काकांना बोलावून विचारलं, पुडी कॉफीत विरघळवून घेतली तर ती कॉफीच धरतात ना? काका म्हणाले, पू-ताला विचारून सांगतो. ते परत आलेच नाहीत, हुशार माणूस. एका दुपारी ती माळेखाली येऊन उभी राहिली. हात वर गेला. तिने माळ नुसती बाजूला सारली आणि मीठ मागितलं.

खिंगला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळायला वेळ लागला नाही. ती अन बाईंना विचारून आली. आईला पाणी किती पाजायचं, कॉफी हळूहळू कशी कमी करायची, दुखणं कशा प्रकारचं झालं तर लगेच दवाखाना गाठायचा, सगळं. परीक्षा तोंडावर होती. पुस्तक डाव्या हातात, उजवा हात आजीच्या कपाळावर, अशी ती बसायची. रसायनशास्त्र मोठ्याने वाचायची. आई डोळे मिटून म्हणायची, "हे काय वाचतेस ते काही कळत नाही, पण वाच. झोप येते." हळूहळू कण्हणं कमी झालं. पुढे एका सकाळी आई उठली आणि म्हणाली, आज भूक लागलीय. कच्च्या पपईची झणझणीत कोशिंबीर मागितली. खिंगने तिला मिरची घालू दिली नाही, त्यावरून दोघींचं भांडण झालं, आणि घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं.

उन्हाळ्यात दुसरं दार उघडलं. परीक्षेत पोरीने चांगले मार्क काढले. मुलाखतीला पुन्हा मीच गेले, त्याच झाडाखाली बसले. या खेपेला ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा काही सांगत नव्हता. गाडी सुटल्यावर म्हणाली, "तेच सर होते, मावशी."

"टक्कलवाले? मेले."

"त्यांनी ओळखलं मला. म्हणाले, पुड्यांवाली ना तू? आता किती जणांनी सोडली?"

"मग?"

"मी म्हटलं, एकीने."

"एकच?" माझ्या तोंडून गेलं.

"तेही असंच म्हणाले. एकच? मग विचारलं, तिची कशी सोडवलीस ते सांग." ती खिडकीबाहेर बघत होती. "मी म्हटलं, सर, मी नाही सोडवली. मी सांगत होते तेव्हा तिने कधीच ऐकलं नाही. तिने आपली आपणच सोडली, माझ्यासाठी. मी फक्त डोकं दाबलं."

मी पदराने डोळे पुसले असते, पण मी पदर घेत नाही. पिशवीतला दुकानाचा फडका काढला आणि त्याने पुसले. खिंग म्हणाली, "आजीला सांगू नकोस. लागली यादी तर मीच सांगेन."

आईने घरी आल्यावर विचारलंच. "काय म्हणाला तो?"

"नंतर," खिंग म्हणाली.

वैशाखात गाव पू-ताला जेवण घालतं. नेमकी त्याच आठवड्यात यादी लागली. खिंग दुकानाच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. तिने बघितलं, पुन्हा बघितलं, मग फोन माझ्या हातात दिला, कारण तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. होतं नाव. मी अशी किंचाळले की रस्त्यापलीकडची म्हैस उठून उभी राहिली. रायोंगहून बहिणीचा फोन आला, ती तिकडे रडते, आम्ही इकडे, आणि आई दोघींना विचारते, अगं लागली की नाही, कोणी सांगेल का मला?

जेवणाच्या दिवशी राईत जत्राच होती. कोणी कोणी गुपचूप काय नवस बोलला होता ते तेव्हा बाहेर पडलं. शेजारणीने टोपलीभर उकडलेली अंडी आणली. तिने पुडी सोडली नव्हती, पण अंडी बोलली होती. अन बाई तालुक्याहून फटाक्यांची लांब माळ घेऊन आल्या. एवढी शिकलेली बाई, मी म्हटलं, तुम्हीसुद्धा? त्या म्हणाल्या, "औषध आपल्या जागी, हे आपल्या जागी."

आई सगळ्यांच्या पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत मांडी घालून बसली होती. तिला काहीच आणायचं नव्हतं. "माझं केव्हाच फेडून झालंय," प्रत्येकाला सांगत होती. "तुम्ही फेडा."

मग थोंगदाम काकांनी भर गर्दीत हाक मारली, "तिम, तुझं राहिलं."

तिम म्हणजे मी. आता सांगायलाच हवं. दुसऱ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी घरात कोणाला न सांगता राईत काकांकडे गेले होते आणि नाच बोलून आले होते. विश्वास बेताचा असला तरी पोरगी आपली आहे. नाचले मी. एवढा देह, एवढं ऊन, आणि सगळं गाव टाळ्या वाजवायला. आई तर खुर्चीतून ओरडत होती, "कंबर हलव, तिम, नुसती लाटेसारखी डुलू नकोस." खिंग हसून हसून जमिनीवर बसली होती.

नाच संपला, अन बाईंनी फटाके लावले. राईभर धूर आणि कानठळ्या. आवाज थांबला तसा आईने कपाळाला हात लावला. आसपासच्या बायका तिच्याकडे वळल्या. एकीचा हात सवयीने कनवटीला गेला, आणि मला दिसलं, तिने पुडी काढून आईपुढे धरली.

आईने पुडीकडे पाहिलंही नाही. खिंगला म्हणाली, "त्या टकल्याला काय सांगितलंस, ते तू अजून सांगितलं नाहीस."

खिंग सरकून तिच्या खुर्चीजवळ आली आणि सगळं सांगितलं. एकीने सोडली, तेही. डोकं दाबलं, तेही. आई ऐकत राहिली. पान चघळायची थांबली होती.

मग ती खुर्चीतून उतरली, चटईवर आडवी झाली आणि नातीच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"मग दाब," ती म्हणाली.